इस्टे

बकाराम सुताराला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाच इंग्रजी शब्द येत होते. पाचही शब्द आधाराचे.

तरुणपणी तो रेल्वेच्या पूल-टोळीत होता. गोंदियाहून निघणाऱ्या छोट्या गाडीच्या वाटेवर नालेच नाले. पावसाळा सरला की दर वर्षी कुठला तरी पूल दुरुस्तीला निघायचा. वरचं लोखंड उचलून धरायचं, खालचे दगडी खांब नव्यानं बांधायचे, आणि तोवर सगळा भार लाकडावर तोलायचा. टोळीवर टेलर नावाचा अँग्लो-इंडियन साहेब होता. तो हातातल्या छडीनं एकेका लाकडावर टोला द्यायचा आणि त्याचं नाव सांगायचा. उभं लाकूड म्हणजे प्रॉप. दोन उभ्यांना तिरपं जोडणारं ते ब्रेस. दोन भिंतींच्या मध्ये आडवं ठोकलेलं ते स्ट्रट. पडू पाहणाऱ्या भिंतीला बाहेरून तिरकं लावलेलं ते शोअर. आणि पाचवा स्टे.

स्टेबद्दल साहेबानं मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, "जब सब छूटता है ना, तब स्टे." म्हणजे सगळं सरकायला लागलं, घडीभराचाही अवकाश उरला नाही की जे लाकूड धावत नेऊन ठोकायचं, ते. बकारामनं हे मनात पक्कं धरलं.

सत्तेचाळीस साली टेलर साहेब देश सोडून गेला. टोळी फुटली. बकाराम चाळिशीला टेकला होता. तो तिरोड्याकडच्या आपल्या गावी, चिचटोल्याला परत आला आणि नांगर, वखर, दाराच्या चौकटी करू लागला. शब्द मात्र त्याच्याबरोबर आले. कुणाच्या गोठ्याचा खांब कलला की तो म्हणायचा, "इथं एक बिरेस पाह्यजे." लोक हसायचे, पण बकाराम मिस्तरीनं दिलेला टेकू हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या जोडीला दुधराम होता. मोठी करवत एकट्यानं ओढता येत नाही. ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली. वर बकाराम, खाली दुधराम. भुसा सगळा दुधरामच्या डोक्यावर. संध्याकाळी तो घरी गेला की त्याची बायको अनुसया त्याला अंगणातच थांबवायची आणि पदरानं झाडून मग आत घ्यायची. त्यांना एकच मुलगी, प्रेमिला. बकारामला आणि रुख्माला मूलबाळ नव्हतं. दोन घरांच्या मध्ये फक्त एक काट्यांचं कुंपण होतं आणि त्यातही येण्याजाण्याची वाट पडलेली होती.

करवत ओढता ओढता बकारामनं दुधरामला ते पाच शब्द शिकवले. दुधरामच्या तोंडी ते आणखी वाकडे झाले. परोप, बिरेस, इस्टरट, शोर, इस्टे. पण अर्थ त्याला बरोबर ठाऊक होते. बकाराम मध्येच विचारायचा, "सारं सुटून राहिलं, तं काय लावशीन?" खालून भुशानं माखलेलं तोंड वर करून दुधराम म्हणायचा, "इस्टे!"

मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, संपली आणि गावचा तलाव सरकारकडे गेला. त्या तलावाचं पाणी सोडायचं जुनं लाकडी दार, ज्याला गावात तुडूम म्हणत, ते सडून गेलं होतं. चौपन्न सालच्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेल्यावर दुरुस्ती निघाली. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, मधोमध कापायची, खाली मोठा नळ घालायचा, वर पुन्हा माती भरायची. पाळ शेदोनशे वर्षांची, वीस हात उंच. तेवढा खोल चर उभा कापायचा तर दोन्ही बाजूंना फळ्या लावून मधे आडवी लाकडं ठोकावी लागणार. ते काम बकारामकडे आलं.

देखरेखीला नवा ओव्हरसियर आला होता. मद्रासकडचा, पंचविशीतला, सावळा, शांत. त्याला मराठी येत नव्हती आणि हिंदी जेमतेम. बकाराम त्याच्यासमोर गेला आणि चराकडे बोट दाखवून म्हणाला, "सायेब, इस्टरट. दो हात पे एक." साहेबाचे डोळे चमकले. त्या दिवसापासून तो सगळं बकारामशीच बोलायचा. पूर्ण वाक्य बकारामला कळत नसे. त्यातला ओळखीचा शब्द तो पकडायचा आणि बाकीचं अंदाजानं भरायचा. पंधरा दिवस त्यानं काही अडलं नाही. गावातले लोक म्हणू लागले, बकाराम सायबासंगं इंग्रजीत बोलते. हे रुख्माच्या कानावर आलं तेव्हा तिनं त्याला दुपारच्या शिदोरीत एक भाकर जास्त बांधून दिली.

ते घडलं दुपारी. मजूर जेवायला वर आले होते, चर रिकामा होता. बकाराम उत्तरेच्या काठापासून चार हात मागे बसून लाकडाला पाचर तासत होता. दुधराम त्याच्यापासून दहा पावलांवर, शिडीच्या तोंडाशी, लाकडांच्या ढिगाजवळ उभा राहून पाणी पीत होता. साहेब समोरच्या काठावर होता. त्याला तिकडून काय दिसलं, ते इकडच्यांना दिसत नव्हतं. बकारामच्या बाजूच्या फळ्यांमागून माती धारेनं गळायला लागली होती.

साहेब ओरडला, "स्टे! स्टे!"

बकारामनं मान वर केली. साहेबानं हात वर केला होता. शब्द ओळखीचा होता, पाचही शब्दांत सगळ्यात घाईचा. बकारामनं विचार केला नाही. तो दुधरामकडे वळून ओरडला, "दुधराम, इस्टे! इस्टे!"

दुधरामनं लोटा टाकला, ढिगातलं एक लाकूड खांद्यावर मारलं आणि शिडीवर पाय ठेवला. "आलो, आलो!" म्हणाला. समोरून साहेब अजून ओरडतच होता, तोच शब्द, आणखी मोठ्यानं. दुधराम भराभरा उतरला. तो तळाला पोचला असेल नसेल, उत्तरेची बाजू फळ्यांसकट आत बसली. फार आवाजही झाला नाही. धानाचं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच.

सगळं गाव फावडी घेऊन धावलं. दिवस कलायच्या आधी त्याला वर काढलं. खांद्यावरचं लाकूड त्यानं सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. साहेबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "आय टोल्ड देम स्टे. आय टोल्ड देम." लिहिणाऱ्या माणसाला इंग्रजी कळत नव्हतं, त्यानं दरड कोसळून मृत्यू एवढंच लिहिलं. बकारामला मात्र वाटलं, आपल्याला कळलं. साहेब सांगतोय, मी यांना स्टे लावायला सांगितला होता. म्हणजे तो वेळेत लागला नाही. आपण आधीच लावून ठेवायला हवा होता. पाचर तासत बसलो, तेवढ्यात माणूस गेला. साहेबाची पुढच्या महिन्यात बदली झाली. जाताना तो बकारामच्या दाराशी येऊन उभा राहिला, काहीतरी बोलला, हात जोडले आणि गेला. त्यात एकही ओळखीचा शब्द नव्हता.

चराचं काम दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं. नळ बसला, पाळ भरली, त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. बकाराम पाळीवर पुन्हा गेला नाही. त्याचं शेत पलीकडे होतं. तो अर्ध्या कोसाचा वळसा घालून जायचा.

पण पाळ टाळून सुटका नव्हती. दिवाळीनंतर एकानं सागाचा ओंडका आणून टाकला. बकारामनं दुसऱ्या एका गड्याला खाली उभं केलं आणि करवत ओढायला लागला. दोन फूट लाकूड कापून झालं असेल, आणि खालून आवाज आला, "आलो."

बकाराम थांबला. "काय म्हनलास?"

"कायच नाही मिस्तरी."

पुन्हा ओढायला घेतलं. करवत खाली गेली, वर आली, खाली गेली. खालून, भुशातून, अगदी नेहमीच्या सुरात, "आलो, आलो." बकाराम घोड्यावरून उतरला. त्यानं मोठी करवत पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगली ती कायमची. त्यानंतर तो एकट्यानं होईल तेवढंच काम करायचा.

आवाज तरीही येत राहिला. रोज नाही. कुणी हाक मारली आणि दुसऱ्यानं ओ दिली की त्याच्यामागून यायचा. बैलांना पाण्यावर नेताना यायचा. भर बाजारात, तिरोड्याला, गुळाच्या दुकानासमोर एकदा आला, आणि बकारामनं वळून "थांब!" असं म्हटलं. दुकानदार बघत राहिला. भीती वाटावी असं त्या आवाजात काही नव्हतं. तो राबायला तयार असलेल्या माणसाचा आवाज होता, आणि तेच बकारामला सहन होत नव्हतं.

मग त्याला टेकू देण्याचा नाद लागला. कुणी न बोलावता तो खांद्यावर लाकूड घेऊन निघायचा आणि ज्याचा वळचणीचा वासा जरा झुकलेला दिसेल, त्याला टेकू लावून यायचा. शाळेच्या ओसरीला लावला. देवळाच्या सभामंडपाला लावला. चांगल्या ताठ उभ्या गोठ्यालाही लावला. रुख्मा चिडायची.

"लोकाइच्या घराले काऊन टेकू देत फिरता? वावर पडलं आहे तसंच."

"पडंल ना ते."

"काय पडंल? काय पडून नाही राहिलं!"

तो लाकूड खांद्यावर टाकून निघायचा. सगळ्यात जास्त टेकू त्यानं अनुसयाच्या घराला लावले. दोन वर्षांत सात. ती डोक्यावर घागर घेऊन त्यातून वाकडी होत ये-जा करायची. नवरा गेल्यावर दोन एकर धान तिनं एकटीनं सांभाळलं, रोवणीला दुसऱ्यांकडे गेली, दुसऱ्यांना आपल्याकडे आणलं, आणि मुलीला शाळेतून काढलं नाही. बकाराम आपला बैलजोडा तिच्या धानाच्या बांधीवर आधी नेई, आपल्या नंतर. कुंपणातली वाट मात्र बुजली. तो त्या बाजूला जायचा तो फक्त टेकू ठोकायला.

अठ्ठावन्न साली प्रेमिला बारा वर्षांची झाली आणि शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. तिथं इंग्रजी होतं. सकाळी ती अंगणात खाटेवर बसून मोठमोठ्यानं पाठ करायची. चैत्रातली सकाळ होती. बकाराम कुंपणाच्या अलीकडे वखराची दांडी बसवत होता. पलीकडून पोरीचा आवाज येत होता, एका सुरात.

"गो म्हणजे जाणे. कम म्हणजे येणे. रन म्हणजे धावणे. स्टे म्हणजे थांबणे."

बकारामचा हात थांबला.

"प्रेमिला," त्यानं कुंपणावरून विचारलं, "मागचा काय म्हनलीस?"

"स्टे, मोठेबाबा. स्टे म्हंजे थांबणं. जागचं हलू नये."

"तुले चुकीचं सांगितलं कोनी तरी."

"पुस्तकात आहे ना! पाहा तं."

त्याला पाहून काय कळणार होतं! तो तसाच, अंगात बंडी न घालता, दोन कोस चालत शेजारच्या गावी गेला. शाळा सुटायची होती. शालीकराम मास्तर नावाचे गुरुजी इंग्रजी शिकवायचे. बकाराम वर्गाबाहेर बसून राहिला. मास्तर बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "गुरुजी, इस्टे म्हंजे लाकूड ना? आधाराचं?"

मास्तरांनी कपाटातून जाड कोश काढला. बराच वेळ बोट फिरवत वाचलं. "आहे की," ते म्हणाले. "आधार, टेकू, हा अर्थ दिला आहे. तुम्हाला कुणी शिकवला?"

बकारामनं श्वास सोडला. "मंग थांबनं हा अर्थ चूक."

"चूक कसा? तोच तर पहिला अर्थ. थांब, हलू नकोस. शब्द एकच, अर्थ दोन्ही."

"मंग कोनता समजाचा?"

"बोलणाऱ्याच्या मनात जो असेल, तो."

परतीच्या वाटेवर बकाराम एका बांधावर बसला. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं? चार वर्षं त्याला त्या दुपारचा फक्त आवाज आठवत होता. आता त्याला साहेबाचा हात आठवला. हात वर होता, आणि पंजा उघडा, समोर धरलेला. लाकूड आण असं सांगणाऱ्याचा हात तसा नसतो. गाडी अडवणाऱ्याचा असतो. आणि तो शेवटचा आरडाओरडा. दुधराम शिडी उतरत असताना साहेब घाई करत नव्हता, त्याला अडवत होता. साहेबाला खाली कुणी जायला नको होतं. चर रिकामा होता. सगळे वर होते. फक्त कुणी हललं नसतं, तर माती पडली असती आणि लोकांनी उभं राहून बघितली असती.

दुधरामला साहेबानं पाठवलं नव्हतं. साहेबाचं इंग्रजी दुधरामला कळतच नव्हतं. त्याला कळत होता तो बकारामचा शब्द.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाच्या अंगणात गेला. ती वाळत घातलेली मोहफुलं चाळत होती. प्रेमिला शाळेत गेली होती. तो टेकूच्या बाजूला, जमिनीवर बसला.

"वयनी, दुधराम माझ्या बोलन्यानं गेला."

"ते तं चार सालापासून तुमच्या तोंडावर लिवलं आहे, भाऊ. नवं सांगा."

त्यानं सांगितलं. शब्द, साहेबाचा हात, मास्तरांचा कोश, सगळं. तिचे हात फुलांमधून फिरत राहिले, मग थांबले.

"सायेब थांब म्हनून राहिला होता," ती सावकाश म्हणाली, "न तुमी उतर म्हनलं."

"हाव."

"न तो काय म्हनला?"

"आलो म्हनला."

अनुसया एकदम हसली. इतकं अचानक की बकाराम दचकला. "मी मराठीत थांबा म्हनत होती तं एक दिवस थांबला नाही तो मानूस," ती म्हणाली. "जेवाले थांबा, ऊन उतरूस्तोर थांबा. तुमची हाक आली का ताट सारून पळे." हसता हसताच तिचा चेहरा फिरला. तिनं पदर तोंडाशी धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. बकाराम बसून राहिला. उठून जावं की काय, हेही त्याला कळेना.

शेवटी तिनं तोंड पुसलं. आवाज कोरडा झाला होता.

"प्रेमिलाले नका सांगू."

"तिले सांगाव लागंल ना कधी तरी."

"नाही. तिच्या तोंडून तो शब्द निघाला न तुमाले समजलं, हे तिले समजलं तं पुस्तक चुलीत घालंल ते पोरगी. तिले शिकू द्या. शपत घ्या."

"घेतली."

"आन हे टेकू काढा. सारे. माझं घर पडून नाही राहिलं."

त्यानं त्याच दिवशी सातही टेकू काढले. शेवटचा काढताना त्यानं डोळे मिटले होते. घर जसं होतं तसं उभं राहिलं. त्यानंतर अनुसया त्याच्याशी दोन पावसाळे बोलली नाही. रागानं म्हणावं तर ती रुख्माकडून विस्तव न्यायची, मीठ मागायची. पण तो समोर आला की मान वळवून निघून जायची. बैलजोडा तिनं शालीनपणे नाकारला. भाड्यानं दुसरा सांगितला. हे बकारामला टेकूंपेक्षा जड गेलं. पण तिनं काय करायला हवं होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

प्रेमिलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावात तिनं ऐकलं होतं की मोठेबाबांना इंग्रजी येतं. ती पुस्तक घेऊन कुंपणाशी यायची. "मोठेबाबा, बीम म्हंजे काय? पिलर म्हंजे?" बकाराम हातातलं काम टाकून उठायचा आणि गोठ्याकडे निघून जायचा. म्हातारा खडूस झाला, असं ती मैत्रिणींना सांगायची. आवाज अजूनही यायचा. आता बकाराम त्याला दर वेळी "थांब" म्हणायचा, हळू, ओठांतल्या ओठांत, आणि आवाज थांबायचा नाही.

साठ सालच्या जूनमध्ये प्रेमिला पुढच्या शाळेसाठी गोंदियाला मामाकडे राहायला निघाली. तिच्या पेटीची कडी तुटली होती, ती बकारामनं रात्रीच्या आत नवी बसवून रुख्माच्या हाती पाठवली. तिरोड्याच्या टेशनवर तो गेला नाही. सकाळची गाडी होती. तो घरामागे वाडीत कुदळ मारत राहिला.

दुपार टळल्यावर अनुसया एकटीच परत आली. स्वतःच्या घरी न जाता ती बकारामच्या अंगणात शिरली आणि ओसरीच्या कडेला बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा. पायावर धूळ होती. रुख्मानं पाणी दिलं, मग काळा चहा ठेवला.

"बसली का गाडीत बराबर?" रुख्मानं विचारलं.

"बसली. खिडकीजवळ जागा भेटली. रडली नाही. मीच रडली."

बकाराम दारात उभा होता. आत जावं की बाहेर, त्याला सुचेना.

"भाऊ, बसा ना," अनुसया म्हणाली. त्याच्याकडे न बघता. "उभे कायले?"

तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिघंही चहा प्यायले. परह्याला, धानाच्या रोपांना, पाणी कमी आहे, यंदा रोवणी उशिरा होईल, असं अनुसया म्हणाली. रुख्मा म्हणाली, बिजाई तरी चांगली उगवली. बकारामनं विचारलं, बैल सांगितले का कुणाचे. नाही सांगितले अजून, ती म्हणाली, आणि कप पालथा घालून दिवे लागेपर्यंत बसली.